कल्पना तोकडी की माप तोकडे?

हवामान बदलाविषयी आपल्याकडे शिकवले जाते ते बहुधा दूरचे असते. वितळणारे हिमनग, ध्रुवीय अस्वल, बुडू लागलेली प्रशांत महासागरातील बेटे, ही चित्रे विद्यार्थ्याला ओळखीची झाली आहेत. आपल्या गावाशी त्यांचा काय संबंध, हे मात्र त्याला सांगता येत नाही. हा संबंध का जोडला जात नाही, या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार अलीकडच्या काळात अमिताव घोष यांच्या 'द ग्रेट डिरेंजमेंट' या इंग्रजी पुस्तकाने केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक शिक्षकांच्या हाती जावे असे आम्हांला वाटते. मात्र ते डोळे मिटून स्वीकारू नये, असेही वाटते. पुस्तक आल्यानंतर चारच वर्षांनी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर या पुस्तकाची एक प्रकारे परीक्षाच घेतली. त्या परीक्षेत पुस्तक कोठे उतरते आणि कोठे अपुरे पडते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पुस्तकाचे म्हणणे

पुस्तकाचे तीन भाग आहेत : कथा, इतिहास आणि राजकारण. पहिल्या भागातील प्रश्न असा, की मानवजातीपुढील एवढे मोठे संकट गंभीर साहित्यात जवळजवळ दिसतच नाही, असे का? घोष स्वतः कादंबरीकार आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला आहे. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत अचानक आलेला वावटळीचा प्रलय त्यांनी विद्यार्थिदशेत प्रत्यक्ष पाहिला होता, पण तो प्रसंग त्यांना कधीच कादंबरीत घालता आला नाही. वाचक म्हणेल, हा लेखकाने जुळवून आणलेला योगायोग आहे! आधुनिक कादंबरी रोजच्या, संभाव्य, नेमस्त जीवनावर उभी असते. तिच्यात अघटिताला जागा नसते. आणि हवामान बदल तर अघटित घटनांची संख्याच वाढवत असतो. सारांश, आपल्या संस्कृतीची कल्पनाशक्तीच या संकटापुढे तोकडी पडते, असे घोष यांचे निदान आहे.

याच भागात मुंबईविषयी दीर्घ विवेचन आहे. जगातील जुनी बंदरे बहुधा खाडीच्या किंवा नदीमुखाच्या आडोशाने वसलेली असत. वसाहतींच्या काळात मात्र मुंबई, मद्रास, न्यूयॉर्क, हाँगकाँग अशी शहरे थेट समुद्राच्या तोंडावर उभी राहिली. अशा मुंबईवर मोठे चक्रीवादळ आदळले तर काय होईल, याचे चित्र घोष यांनी हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांच्या मदतीने रेखाटले आहे. दुसऱ्या भागात कार्बनच्या अर्थव्यवस्थेत आशियाचे आणि साम्राज्यशाहीचे स्थान काय, याची चर्चा येते, तर तिसऱ्या भागात २०१५ चा पॅरिस करार आणि त्याच वर्षीचे पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक यांची तुलना आहे.

पुस्तकाचे मोल निर्विवाद आहे. हवामान बदल हा फक्त तापमापकाचा विषय नसून इतिहास, भाषा आणि राहणीमान यांचाही आहे, हे ते पटवून देते. विज्ञानाच्या शिक्षकाने भाषेच्या आणि भूगोलाच्या शिक्षकाला सोबत घेऊन वाचावे, असे हे पुस्तक आहे. आता परीक्षेकडे वळू.

३ जून २०२०

अरबी समुद्रात १ जून २०२० च्या सुमारास तयार झालेला कमी दाबाचा पट्टा दुसऱ्याच दिवशी चक्रीवादळ बनला. चक्रीवादळ पोसले जाण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे २६.५ अंश सेल्सियसच्या वर असावे लागते. त्या दिवसांत अरबी समुद्राचे पाणी त्याहून कितीतरी उबदार होते. ३ जूनच्या दुपारी वादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता.

दोन दिवस साऱ्या देशाचे लक्ष मुंबईकडे होते. घोष यांनी वर्णिलेले भय खरे होणार, असे अनेकांना वाटले. वादळ दक्षिणेला वळले आणि मुंबई 'वाचली'. त्यानंतर बातमीही संपली. मग वादळ कोणाकडे गेले?

याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकवता येण्यासारखे आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. 'निसर्ग' ईशान्येकडे सरकत होते. अशा वेळी मार्गाच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते आणि डाव्या बाजूला तीच गती वजा होते. मुंबई डाव्या बाजूला होती. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली पंचतन, म्हसळा हा सारा टापू उजव्या बाजूला होता, आणि तेथे वारा समुद्रावरून जमिनीकडे घुसत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा आपण नेहमी सोसतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब त्याच्या तिप्पट नसतो, तो नऊपट असतो. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यात तो टाळेबंदीचा काळ. मुंबईतील कामधंदे बंद पडल्यामुळे चाकरमानीही गावी परतलेले होते.

घोष यांच्या पुस्तकावरील आमचा पहिला आक्षेप येथे येतो. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील माणसे आणि सुंदरबन यांचे भान या पुस्तकाला आहे, परंतु पश्चिम किनाऱ्याविषयीचे विवेचन मुख्यतः मुंबईभोवती फिरते. संकटाची कल्पना करताना लेखकाने महानगर निवडले, आणि नेमके तेच वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनीही केले. महानगर वाचले की संकट टळले, ही समजूत दोघांच्याही मांडणीतून नकळत बळावते. प्रत्यक्षात संकटाने फक्त पत्ता बदलला होता.

सुपारीचे झाड मोडते म्हणजे काय

बोर्ली पंचतन हे परिसरातील गावांचे बाजाराचे ठिकाण. जवळच दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. या भागातील 'श्रीवर्धनी रोठा' सुपारी नावाजलेली आहे आणि श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही आहे. येथील वाडी म्हणजे एका पिकाचे शेत नव्हे. पोफळीच्या खोडावर मिरवेल किंवा पानवेल चढवलेली असते, मधूनमधून नारळ आणि जायफळ असते, खाली केळी असते. एकाच तुकड्यावर तीन-चार मजल्यांची शेती उभी असते. वाडीच्या मालकाइतकेच झाडावर चढून सुपारी उतरवणारे गडी, ती सोलणाऱ्या बायका, वाळवलेला माल बाजारात नेणारे व्यापारी आणि वाड्यांच्या सावलीसाठी येणाऱ्या पर्यटकांना जेवू घालणारी कुटुंबे असे सर्वजण तिच्यावर जगतात.

या वाडीवर ३ जूनला जे घडले ते समजण्यासाठी थोडे वनस्पतिशास्त्र हवे. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून नवी फुटते. द्विदल झाडाच्या खोडात सालीखाली वाढीचा एक थर असतो आणि फांद्यांवर सुप्त कळ्या असतात. सुपारी आणि नारळ ही एकदल झाडे. त्यांच्या खोडात तसा थर नसतो, फांद्या नसतात. साऱ्या झाडाचा वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याला. शेंडा गेला की झाड गेले. त्यातून पोफळीचे खोड उंच व सडपातळ. माथ्यावर वाऱ्याचा रेटा बसला की उंचीमुळे बुंध्याशी तरफेचा जोर प्रचंड वाढतो. मग झाड एक तर मधोमध मोडते, नाही तर मुळासकट उपटते.

नवे रोप लावून फळ हाती येण्यास साधारण पाच ते आठ वर्षे लागतात. पण अडचण इथेच संपत नाही. पोफळीच्या रोपाला कोवळ्या वयात सावली लागते, कडक उन्हात ते करपते. जुन्या वाडीत ही सावली मोठी झाडेच देत असत. ती सारी एका दुपारी आडवी झाल्यावर आधी केळी लावायची, तिची सावली तयार होऊ द्यायची, मग पोफळीचे रोप जगवायचे, असा क्रम आला. म्हणजे वादळाने झाडांबरोबर नवी झाडे वाढवण्याची सोयही नेली. मिरवेलीचा आधार गेला. झाडावर चढणाऱ्यांना चढायला झाड उरले नाही, आणि सोलायला सुपारी नसल्यामुळे सोलणाऱ्या बायकांची मजुरी बुडाली.

पन्नास रुपयांचे गणित

शासनाची मदत आली. फळबागांसाठी ती प्रथम हेक्टरी ५० हजार रुपये अशी जाहीर झाली. हेक्टर हे माप घाटावरच्या शेतीला ठीक आहे, पण कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे. म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला साधारण पाच हजार रुपये. यावर ओरड झाल्यानंतर झाडागणिक मदतीचा निर्णय झाला : सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५० रुपये.

हे माप वाडीच्या स्वरूपाला अधिक जवळचे, म्हणून स्वागतार्ह होते. पण हिशेब करून पाहू. सुपारीच्या दोन झाडांत शास्त्रीय शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतर ठेवतात. म्हणजे एका झाडाला ७.२९ चौरस मीटर जागा. दहा गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौरस मीटर. त्यात सुमारे १३९ झाडे बसतील. सगळी मोडली असे धरले तर मदत सुमारे सात हजार रुपये. नवी झाडे फळाला येण्यास सात वर्षे लागणार असे मानले, तर ही रक्कम महिन्याला सुमारे ८३ रुपये पडते. एका झाडाचे सबंध आयुष्य ५० रुपयांत मोजले गेले! जुन्या वाड्यांत झाडे दाट असतात, तेथे रक्कम थोडी वाढेल. परंतु मिरवेल, पानवेल, गड्याची मजुरी आणि सोलणाऱ्या बाईचा रोज या गणितात कोठेच येत नाहीत. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचे नुकसान या मापाला दिसतच नाही.

आमचा दुसरा आणि मुख्य आक्षेप या गणितातून निघतो. संकटाची कल्पना करता येत नाही, असे घोष म्हणतात. बोर्ली पंचतनच्या परिसरातील वाडीवाल्याला कल्पना करण्याची अडचण मुळीच नाही. वाडी गेली म्हणजे काय गेले, हे तो झाडांच्या ओळी मोजत सांगू शकतो. त्याचे सांगणे ज्यात बसेल असा रकाना पंचनाम्याच्या कागदावर नाही, ही खरी अडचण आहे. येथे कल्पनेपेक्षा माप तोकडे पडले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ज्या राशीसाठी एकक नाही ती मोजली जात नाही, आणि जी मोजली जात नाही ती धोरणात येत नाही.

याच मापाचा दुसरा अंश म्हणजे 'जीवितहानी टळली' हे वाक्य. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर पूर्वसूचना, निवारे आणि स्थलांतर यांची व्यवस्था उभी राहिली. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये मृत्यूंची संख्या काही डझनांवर आली. 'निसर्ग'च्या वेळीही आगाऊ इशाऱ्यामुळे आणि हजारो लोकांना वेळीच हलवल्यामुळे राज्यातील मृत्यू फार थोडे झाले. हे विज्ञानाचे मोठे यश आहे आणि ते विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगावे. पण त्याच तासाला हेही सांगावे, की माणूस हलवता येतो, वाडी हलवता येत नाही. वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून जगायचे असते.

एक वादळ आणि हवामान बदल

येथे एक सावधगिरी हवी. 'निसर्ग' वादळ हवामान बदलामुळेच आले, असे वर्गात सांगू नये. अरबी समुद्रात वादळे पूर्वीही होत. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' याच किनाऱ्यावर आले होते. एकेका वादळामागे अनेक कारणे असतात. हवामान म्हणजे दीर्घ काळची सरासरी आणि तिची बदलती वाटणी. म्हणून प्रश्न असा विचारावा, की वादळांची संख्या, तीव्रता आणि मुक्काम बदलत आहे काय?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या दुसऱ्या कालखंडात ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि याच काळात बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. पूर्वी उपसागर हाच वादळांचा समुद्र मानला जाई. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. मे २०२१ मध्ये, म्हणजे 'निसर्ग'ला वर्ष होण्याच्या आत, 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. फासे टाकण्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. फाशावर एकाऐवजी दोन बाजूंवर सहा लिहिला, तर पडलेला एखादा सहा 'नव्या' बाजूचा की 'जुन्या', हे सांगता येणार नाही. सहा वरचेवर पडू लागला, हे मात्र खात्रीने सांगता येईल. सात वर्षांत फळणाऱ्या झाडासाठी हा 'वरचेवर' शब्द फार महत्त्वाचा आहे. दोन वादळांतील अंतर झाडाच्या बालपणापेक्षा कमी झाले, तर वाडी हा व्यवसायच उभा राहू शकत नाही.

बोर्लीपासून लेते बेटापर्यंत

जगात इतरत्रही अशीच उदाहरणे आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सला 'हैयान' वादळाचा तडाखा बसला. लेते बेट आणि आसपासच्या भागांत सुमारे ३ कोटी ३० लाख नारळाची झाडे मोडली किंवा नुकसान पावली. तेथील नारळउत्पादकापुढेही सहा-आठ वर्षे काय खायचे, हाच प्रश्न होता. सप्टेंबर २०१७ मध्ये 'मारिया' वादळाने प्वेर्तो रिकोतील केळी आणि कॉफीच्या बागा झोपवल्या. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण नुकसान एकाच जातीचे : वर्षानुवर्षे वाढवलेले झाड एका दिवसात जाणे.

या नुकसानीला आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत 'हानी आणि नुकसान' असे नाव आहे. पॅरिस करारात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, पण त्यावरून दायित्व किंवा भरपाईचा हक्क सांगता येणार नाही, असे सोबतच्या ठरावात स्पष्ट लिहून ठेवले आहे. वेगळा निधी स्थापण्याचा निर्णय व्हायला २०२२ ची शर्म अल शेख येथील परिषद उजाडावी लागली. न्यायाच्या या प्रश्नावर घोष यांचे विवेचन बळकट आहे. कार्बन कोणी सोडला आणि त्याचा भार कोणावर पडला, हा मुद्दा ते सोडत नाहीत. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अमेरिकन माणसामागे त्याच्या सातपट. पोफळीला पाणी शिंपणाऱ्याचा वाटा तर भारतीय सरासरीहूनही कमीच असणार. परंतु दिल्लीपासून दुबईपर्यंत कोणत्याही निधीतून पैसे आले, तरी अखेर ते तलाठ्याच्या पंचनाम्यातूनच वाडीपर्यंत पोहोचणार. त्या पंचनाम्याचे माप सुधारले नाही, तर जागतिक न्यायही गुंठ्याच्या हिशेबात अडकून पडेल. या शेवटच्या पायरीचा विचार पुस्तकात आम्हांला आढळला नाही.

मराठी वाचकाचा एक प्रतिप्रश्न

तिसरा आक्षेप साहित्याविषयीचा आहे. आधुनिक कादंबरीने निसर्गाला पार्श्वभूमीत ढकलले, हे विधान मराठीला सरसकट लागू पडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ मधील 'बनगरवाडी' आठवावी. एका तरुण शिक्षकाच्या तोंडून सांगितलेल्या या कादंबरीत अखेर दुष्काळ मेंढरे मारतो आणि गाव उठवतो. तेथे हवामान केवळ देखावा नाही, ते माणसांचे भवितव्य ठरवते. घोष यावर म्हणू शकतील, की माणदेशाला दुष्काळ नवा नाही, तो संभाव्यतेच्या चौकटीतच बसतो, अघटित बसत नाही. हे उत्तर आम्हांला काही अंशी मान्य आहे. तरीही संथपणे उपजीविका पोखरणाऱ्या हवामानाची कथा सांगण्याची रीत मराठीत आहे, आणि हवामान बदलाचे बहुतेक काम असे संथच असते, हे विसरून चालणार नाही.

वर्गात काय करता येईल

हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे, पण वाचून झाल्यावर गावाकडे वळावे. किनाऱ्यावरच्या शाळेत विद्यार्थ्यांना आपल्या आळीतील एका वाडीची नोंद करता येईल : २०२० पूर्वी झाडे किती, मोडली किती, नवी लावली किती, जगली किती, त्यांना सावली कशाची, आणि त्या वाडीवर मालकाखेरीज कोणाकोणाचा रोज अवलंबून होता. घाटावरच्या शाळेने हेच गारपिटीत सापडलेल्या द्राक्षबागेविषयी किंवा आटलेल्या विहिरीविषयी करावे. मग विद्यार्थ्यांनी स्वतः पंचनाम्याचा नमुना तयार करावा आणि त्यात कोणते रकाने हवेत हे ठरवावे. असे रकाने ठरवताना गणित, वनस्पतिशास्त्र आणि नागरिकशास्त्र एकाच कागदावर येतात.

घोष यांनी कल्पनाशक्तीला आव्हान दिले, हे त्यांचे श्रेय. पण कल्पनेपाठोपाठ माप आले नाही, तर हळहळीपलीकडे काही हाती लागत नाही. बोर्ली पंचतनच्या परिसरात पोफळीच्या एका झाडाची किंमत ५० रुपये ठरली होती. पुढच्या वादळापूर्वी ती नव्याने आणि नीट मोजली जावी, आणि ते मोजणे आपल्या शाळांतून सुरू व्हावे.